मापाचं ब्लाउज

कात्री फिरून गेली आणि मग मयुरीच्या डोक्यात उजेड पडला.

चुकलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच चुकलं होतं. डाळिंबी जरीचं ब्लाउजपीस समोर कापून पडलं होतं आणि गिऱ्हाइकानं दिलेलं मापाचं ब्लाउज शेजारी तसंच घडीत होतं. मग कापलं कोणाच्या मापानं? मयुरीनं स्वतःच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. तिनं स्वतःच्याच अंगाचं माप घेतलं होतं.

सगळा दोष त्या मलकापूरच्या दुकानाचा. ते दुकान कुठेच नव्हतं, फक्त मयुरीच्या डोक्यात होतं. स्टेशनच्या रस्त्यावर, काचेचा दरवाजा, आत एसी, वर पाटी ‘मयुरी बुटिक’. सोळा वर्षांच्या ह्या मालकीणबाई आज दुपारी तिथे बसून स्वतःसाठीच ब्लाउज बेतत होत्या. टेप गुंडाळला, खडूनं खुणा केल्या, सगळं स्वप्नात. कात्री तेवढी चालली ती धामणगाव बढे गावात, शिवणकाम करणाऱ्या संजीवनीताईंच्या पडवीत.

ताई हुक आणि रिळं आणायला मोताळ्याला गेल्या होत्या. वर्षभर तुरपाई आणि काज करणाऱ्या मयुरीच्या हाती त्यांनी आज पहिल्यांदा कात्री दिली होती. जाताना म्हणाल्या, “साखरपुड्याचं हाय. बाई पोराकडची, परगावची. नवरी आपल्याच गावची हाय म्हणे. हे कटिंग साफ आलं का तुले मलकापूरच्या क्लासले पाठवीन, माह्या खर्चानं. बिघडलं तं मंग तुरपाईच करत बस.”

तुरपाई तरी कुठली! मयुरीची आई कोकिळा रोज कापूस वेचायला जायची आणि रोज म्हणायची, की शिवणकामात राम नसेल तर चल वावरात. आज घरी कळलं की संपलंच.

मयुरीनं मापाचं ब्लाउज उलगडलं आणि कापलेल्या तुकड्यांवर ठेवलं. कापलेलं कापड दोन्ही अंगांनी कमी पडत होतं. शिवणीच्या आत जादा कापडाची माया ठेवायची असते, पुढेमागे उसवून वाढवता येते. पण बुटिकच्या मालकिणीला मायेची काय पडली होती? आणि कापड साडीलाच जोडून आलेलं, त्याचा जोड बाजारात मिळणार नव्हता. उंदरानं कुरतडलं म्हणावं? पळून जावं? पण पळून तरी जाणार कुठे, संध्याकाळी भाकरी खायला घरीच यायचं.

शेवटी तिनं तेच तुकडे मशीनवर घेतले आणि शिवायला बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पायडल मारताना तिला ती न पाहिलेली नवरी दिसायला लागली. चारचौघांत पाटावर बसताना तिची शिवण उसवली तर? कोण असेल बिचारी? मयुरीला रडू फुटलं. गावातल्या एकूणएक देवाला तिनं एवढंच मागितलं, हे तिला बसू दे.

ताई परत आल्या. मयुरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सत्यभामाबाई दारात. ब्लाउज टाकून गेलेल्या त्याच बाई. आणि त्यांच्या मागे कोकिळा, वेचणीच्या वेळी, पेटीतली ठेवणीतली साडी नेसून.

मयुरी जागीच उठून उभी राहिली. आईलाही बोलावून आणलं म्हणजे सगळं कळलंय!

सत्यभामाबाईंनी ब्लाउज उजेडात धरलं, जुन्याला लावून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. “हे तं बारकं दिसून राह्यलं वं.”

“ताई, माह्या हातून...” मयुरी चाचरली.

“थांब,” कोकिळा मध्येच म्हणाली. “अंगावर पाहू. मयुरे, जाय आत. घालून ये.”

“मी काऊन?”

“जाय म्हणते ना!”

पडद्यामागे जाऊन मयुरीनं हुकांच्या जागी टाचण्या लावून ब्लाउज घातलं आणि ओढणी घेऊन बाहेर आली. सत्यभामाबाईंनी तिला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं, बाहीच्या मुंढ्यात बोट घालून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“व माय! माह्या पोरीचं माप देल्लं व्हतं मी अंदाजानं. म्हटलं, सूनबाईले ढिलं होते का काय! हे तं अंगावरच बेतल्यावाणी बसलं!”

ताईंनी कोकिळाकडे पाहिलं. कोकिळा साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिली.

“सोळाची हाय पोरगी, कोकिळा,” ताई म्हणाल्या.

“परवा नुसता साखरपुडा हाय ना ताई. लगनाचं मंग पाहू.” मयुरीकडे न बघताच ती पुढे म्हणाली, “चांगलं घर हाय. पुन्हा येते का असं?”

“अन् क्लास? एवढं साफ कटिंग केलं तिनं.”

“आता क्लास कायले?” सत्यभामाबाई हसल्या. “मशीन हाय आमच्या घरी. शिवत बसन आमचंच.”

मयुरीनं भिंतीवरच्या आरशात पाहिलं. कुठे सुरकुती नव्हती, कुठे ओढ नव्हती. असं नेटकं ब्लाउज तिनं ह्या पडवीत कधी पाहिलं नव्हतं. दुपारभर वाटली ती भीती आता तिला पोरकट वाटली, कारण खरी भीती आत्ता आली होती. तिनं दोन्ही मुठींत ओढणी आवळून धरली.

“नाही,” ती म्हणाली. मग तिनं पुन्हा म्हटलं, ह्या वेळी आईकडे सरळ बघत. “नाही बसत, आई. मले नाही बसत हे.”