कॅम्पाचा बोर्ड

हार गळ्यात पडला, नारळ हातात आला, तरी कुणीच रडलं नाही. महानंदाताईंना मनातून फार वाईट वाटलं.

रडणं सोडा, कुणी "थांबा" असंही म्हटलं नाही. खरं तर त्या तेवढ्याचीच वाट बघत होत्या. गुडघे गेले होते. सकाळी पलंगाच्या कडेला बसून, आज उठायचंच आहे अशी स्वतःची समजूत काढावी लागत होती. तरीही एका माणसानं जरी थांबा म्हटलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथं राजीनामा मागं घेतला असता. आधीही दोनदा घेतला होता. "मी गेल्यावर यांचं कसं होणार?" हे त्यांचं वाक्य संस्थेत सगळ्यांना पाठ होतं.

यांचं म्हणजे परंड्याजवळच्या माळावरच्या या घरांचं. सीनेच्या पुरात निंबाचीवाडी वाहून गेली, तेव्हा ताईंनी माणसांना आधी शाळेत, मग पत्र्याच्या शेडमध्ये आणि शेवटी विटांच्या खोल्यांत आणलं. पाण्याच्या टाकीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, विजेच्या खांबांसाठी भांडल्या. आणि माळाच्या तोंडाशी, डांबरी रस्त्याला लागून लोखंडी बोर्ड उभा केला. 'पूरग्रस्त कॅम्प', खाली संस्थेचं नाव. दर दिवाळीला त्या स्वतः उभ्या राहून तो रंगवून घेत.

संध्याकाळी परत जाताना त्या जीपमधून "येते हं" म्हणत. लोक हात जोडत. "या" असं मात्र कधी कुणी म्हणालं नव्हतं. माणसं भिडस्त आहेत, अशी ताईंनी समजूत करून घेतली होती.

संस्थेचा नवा प्रमुख कुलदीप सोलापूरहून आला होता. ताईंची पोकळी कधीच भरून निघणार नाही, असं त्यानं भाषणात सांगितलं. ती भरायला आणलेला फ्लेक्स मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवला होता. त्यावर 'पूरग्रस्त कॅम्प' आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत होतं.

भाषणं संपली तशा तुळजाबाई उठल्या. पुरात त्यांचं घर सगळ्यांच्या आधी गेलं होतं, त्यामुळे वाडीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. पदर सावरत त्या ताईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, जाता जाता एक मागायचं हाय."

ताई पुढं झुकल्या. आलं एकदाचं! त्यांचं उत्तर तयारच होतं.

"मागा ना, तुळजाबाई."

"त्यो बोर्ड उतरवा."

ताईंनी आजूबाजूला पाहिलं. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे हे सगळ्यांचं ठरलेलं होतं.

"अहो आजी, देणगीदार बघायला येतात. त्यांना जागा कशी सापडणार?" कुलदीप मध्येच म्हणाला.

तुळजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. "एसटीचा कंडक्टर 'कॅम्पवाले उतरा' म्हणून वरडतोय. पोरीला बघाया पावणे येत्यात आन् कॅम्पातली पोरगी म्हणून माघारी फिरत्यात. उद्या मेले तर लोक म्हणत्याल, कॅम्पातली म्हातारी मेली. पाण्यात घरं गेली, ताई. वाडीचं नाव कुठं गेलं हुतं?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी लई हौसेनं रंगवून घेत हुता. कसं बोलावं?" तुळजाबाईंचा आवाज खाली आला. "तुमी लावलाय, तुमीच काढा. तुमच्या माघारी काढला तर बरं दिसायचं न्हाय."

ताईंना ते फार लागलं. यांच्यासाठी आपण हाडाची काडं केली आणि यांना सलतोय तो आपलाच बोर्ड! पण थकलेल्या माणसाला राग फार वेळ धरवत नाही. आज सकाळीच फोनवर कुणाला तरी त्या म्हणाल्या होत्या, 'माझ्या कॅम्पातली माणसं'. ते आठवलं आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

"शिडी आणा," त्या म्हणाल्या.

शिडी आणावी लागली नाही. ती बोर्डाच्या मागंच गवतात आडवी ठेवलेली होती. तुळजाबाईंच्या मुलानं, बलभीमनं, खिशातून पाना काढला. भाषणं चालू असताना तो सारखा खिशात हात घालून का उभा होता, ते आता कळलं. खालचा नट ताईंनी स्वतः फिरवला. तो लोण्यासारखा निघाला. कुणीतरी आधीच तेल घालून ठेवलं होतं.

बोर्ड खाली आला, जीपच्या टपावर बांधला गेला. कुलदीपनं आपला फ्लेक्स गुपचूप गाडीत ठेवला. तेव्हा कुठं दोन-चार बायांनी डोळ्याला पदर लावला. ताईंना मात्र आता रडू येईना. नुसतं दमल्यासारखं झालं होतं, आणि कधी एकदा घरी जाऊन आडवी होतेय असं वाटत होतं.

जीपचं दार ओढताना सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "येते हं."

"या," तुळजाबाई म्हणाल्या. मागून सगळी वाडी म्हणाली, "या."

ताईंचा हात दारावरच राहिला. त्यांनी तुळजाबाईंकडं पाहिलं.

"आजवर या म्हणाया येत नव्हतं, ताई," तुळजाबाई म्हणाल्या. "आमीच तुमच्याकडं पावण्यावानी उतरलो हुतो."