झेनॉनचा हात

चित्र उलटसुलट करून पाहिलं, तरी इगाला सही कुठे सापडली नाही. यात नवल नव्हतं. गेल्या वर्षी वारलेल्या नामवंत चित्रकार झेनॉनने उभ्या जन्मात एकाही चित्रावर सही केली नव्हती. पोलंडमधल्या वूच शहराच्या संग्रहालयात सगळे याला थोर माणसाचा विनय म्हणत. इगा तिथे चित्रं पारखायची आणि दुरुस्तही करायची.

समोर झेनॉनची बायको गेनोवेफाबाई ठेवणीतला कोट घालून बसल्या होत्या. घर विकून त्या भाचीकडे एका खोलीत राहायला चालल्या होत्या, आणि तिथे एवढ्या मोठ्या चित्राला भिंतच नव्हती. संग्रहालयाने ते नीट करून झेनॉनच्या दालनात लावावं, एवढंच त्यांचं मागणं. नियम मात्र सरळ होता. चित्र झेनॉनचं ठरलं तर ठेवायचं, नाहीतर परत.

निळ्यावर मातकट लाल पट्टे, बाकी ना माणूस ना झाड. रंग जागोजागी तडकून पापुद्रे सुटले होते. इगाने बारीक कुंचल्याने एकेका पापुद्र्याखाली पातळ सरस सोडला आणि वरून अलगद दाबला. रंग धरला तशी ती खूश झाली. चित्र वाचणार होतं!

पण तडे निरखताना ती चपापली. खालचा तेलकट थर ओला असतानाच वर घाईने दुसरा चढवला होता. दालनातल्या चित्रांत असली चूक औषधालाही सापडली नसती.

आता हे म्हातारीला सांगायचं कोणत्या तोंडाने? इगाने आधी लिंबू घालून चहा दिला. चहा अगदीच पांचट झालाय, रंगाचीच काटकसर दिसते तुमच्याकडे, असं म्हणत बाईंनी तो संपवला. मग इगाने चाचरत सांगितलं की चित्र जीव लावून काढलंय, ते टिकेलही, पण हात झेनॉनचा नाही. कुणा नवशिक्याचा आहे.

तिला वाटलं, बाई आता रडतील. त्या खुदकन हसल्या.

“नवशिकाच तो. माझ्या नावाच्या संताच्या दिवशी मला भेट म्हणून काढत होता. मी आपली कानीकपाळी ओरडतेय, अरे, खालचं वाळू दे आधी. ऐकेल तर शपथ.”

“कोण?”

“झेनॉन. दुसरं कोण?”

इगाला काही सुधरेना. मग दालनातली ती सगळी चित्रं कुणाची, एवढंच तिने कसंबसं विचारलं.

गेनोवेफाबाईंनी चित्राच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं. डोळे भरले होते, चेहरा मात्र हसरा होता.

“ती माझी गं, पोरी. त्याचं हे एवढं एकच. राहू दे की त्याला माझ्या शेजारी.”