मॉटसाठीची शीळ

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या त्या शेतात उन्हाळा आला की तंबू उभे राहायचे, आणि मुक्कामाला आलेल्या पोरांना एम्रिस आजोबा आपली शीळ शिकवायचे. मॉट कुत्र्याला बोलावायची शीळ; दोन बोटं तोंडात, शेवटचा सूर खाली उतरलेला. कुणालाच ती जमायची नाही, नुसती फुंकर निघायची. "अगं शीळ घाल, चहा काय निववतेस?" म्हणून ते दर उन्हाळ्याला येणाऱ्या हेटीला चिडवायचे.

यंदा हेटीला ती जमली. घरातल्यांचे कान किटेपर्यंत वर्षभर सराव करून ती आली होती. तंबूच्या खुंट्या ठोकून व्हायच्या आतच ती कुरणाच्या फाटकावर चढली आणि तिने शीळ घातली. हुबेहूब.

आजोबांची बायको, डिलिस आजी, फाटकापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"हेटी, बाळा, ही शीळ नको घालूस गं."

"का? चुकली का? आजोबांना दाखवायचीय मला."

आजीने फाटक धरलं.

"आजोबा थंडीतच गेले गं. आणि चुकली नाही, तेच तर. मॉटला वाटतं, ते परत आले. मुकं जनावर बिचारं, हातचं टाकून धावत सुटतं. मग फाटकाशी कुणीच नसतं."

हेटीने आजीच्या मागे, घराकडे पाहिलं.

"पण आजी, मॉट तर उठलासुद्धा नाही."

 

मॉट उंबऱ्यावर गाढ झोपला होता, आणि फाटक धरून उभ्या असलेल्या आजीच्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं.