यंदाचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा मंजुषानं वाण म्हणून पुस्तकं द्यायची ठरवली. यवतमाळच्या बाजारातून तिनं सात पापांवरच्या सात कादंबऱ्या निवडून आणल्या. कोणतं पाप कोणाच्या ओटीत घालायचं, तेही मनात पक्कं होतं. आळसाचं शेजारणीला, लोभाचं नणंदेला, आणि मत्सराचं धाकट्या जावेला, केतकीला.

"आधी तू तर वाचून पाहा," नवरा म्हणाला. "भलतं पुस्तक भलतीच्या हाती जायचं."

मंजुषा पेन्सिल घेऊन वाचायला बसली.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायका आल्या. तिनं तिळगूळ दिला आणि प्रत्येकीच्या हातात स्टीलची एकेक वाटी ठेवली.

सगळ्या गेल्यावर केतकी मागे रेंगाळली. "ताई, तुम्ही तं पुस्तकं देणार होत्या ना?"

"आणलीच होती वं. कोणाले काय झोंबेल ते पाहून रेघा मारत गेली, तं सगळ्या ओळी मलेच झोंबल्या."

केतकी हसली. मग तिनं विचारलं, "त्यातलं माझं कोणतं होतं?"

मंजुषा तिळगुळाचा डबा उगाच पुसत राहिली. "मत्सराचं," ती शेवटी म्हणाली.

केतकी दारापर्यंत गेली. एका पायात चप्पल घालून थांबली.

"तुमचं वाचून झालं असंल तं मले द्या ते," ती म्हणाली. "अन् रेघा खोडू नका. त्यायच्या बाजूलेच माझ्या मारीन."