खाणीतली कार्ट
"हे कोणी खरं मानणार नाई सुरेंद्र, पण त्या हेल्मेटच्या आत मीच होतो," मी माझ्या पोराला म्हणालो. गडचांदूरजवळच्या एका बंद खाणीत पोरापोरींनी लोखंडी पाइप जोडून, स्कूटरचं जुनं इंजिन बसवून शर्यतीची बुटकी गाडी, म्हणजे कार्ट, बनवली होती. काल हेल्मेटवाल्या कुणीतरी ती अशी पळवली, की बघ्यांना तोंडातला खर्रा थुंकायचं भान राहिलं नाही. "आपली दामिनी असन त आजच ते गाडी भंगारात घालतो," असं गरजत सुरेंद्र घरात शिरला होता. नात दामिनी मान खाली घालून मेथी निवडत होती. तिच्यासाठीच माझी ही थाप चालली होती. "अरे, करोडोच्या रेस गाडीत वेग नुसता काट्यावर दिसते. इथी जमिनीच्या दोन बोटं वर बसलं का तो हाडात घुसते. मांगं चुन्याची पांढरी धूळ उठते, वळणावर चाकं किंचाळते, अन् वाटते, आपून पाखरूच झालो!" सुरेंद्र राग विसरून दारातच खाली बसला. मला चेव आला. "अन् मंग वळणावर वाघ! रस्त्यात आडवा बसलेला. मी घाबरलो नाई, गचकन रिव्हर्स टाकला, अन्..." "काहीबी काय सांगता, आबाजी!" दामिनी मेथीची जुडी टाकून ओरडली. "रिव्हर्स नसतेच तिले! खाली उतरून, मांगून उचलून फिरवा लागते. हे पाहा, माह्या हाताले फोड आले!"