कायमचा की चाकांचा

साहेबांनी टेबलावर दोन फोटो ठेवले आणि पायलटला विचारलं, यातला कुठला घ्यायचा.

कारखान्यात सगळे तिला पायलटच म्हणत. प्लास्टिकच्या बादल्यांच्या त्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारी ती एकटीच. साहेब, म्हणजे मॅनेजर, तिचा सख्खा मोठा भाऊ. गेटच्या आत साहेब, घरी दादा.

आजवर ट्रक आवारात लागायचा, ती खालूनच बादल्यांचे ढीग उचलून वर ठेवायची आणि हमाल ते आत ओढायचे. आता फोर्कलिफ्ट थेट ट्रकमध्ये चढेल असा रॅम्प हवा होता. एक सिमेंटचा, कायमचा. दुसरा लोखंडी, चाकांचा, भाड्याने मिळणारा.

"सिमेंटचा," ती म्हणाली.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. चाकांचाच बघ, म्हणाले. मग त्यांनी किती वजन पेलायला हवं ते सांगितलं. ती बघतच राहिली. बादल्यांचा अख्खा ट्रक त्या वजनाच्या पासंगालाही पुरला नसता.

"एवढं कशाला?"

"मशीनं जड असतात," म्हणून साहेबांनी फोन उचलला.

तेवढं तिला पुरलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवी मशीनं येणार हे पॅकिंगच्या बायकांना कळलं, आणि संध्याकाळपर्यंत दुसरी शिफ्ट सुरूही झाली होती, निदान बोलण्यात तरी.

पण तिच्या जिवाला चैन पडेना. नवी मशीनं तिलाच उतरवायची होती. एखादं चढावर कलंडलं तर? भाड्याने देणाऱ्याच्या आवारात जाऊन तिने प्रत्येक रॅम्पवर स्वतः फोर्कलिफ्ट चालवून पाहिली. एक आखूड होता. वर पोचताच फोर्कलिफ्टचं पोट घासलं. एकाचा पत्रा गुळगुळीत, ओला झाला की घात. शेवटी लांब, कमी चढाचा, जाळीच्या पृष्ठभागाचा आणि दोन्ही कडांना उंच पट्टी असलेला तिने निवडला. रॅम्पचा मालक वैतागला. लग्नाचं स्थळसुद्धा कोणी इतकं पारखत नाही, म्हणाला.

त्या रविवारी ती दादाकडे गेली. रॅम्पचं सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाली की यांनी वॉचमनची नोकरी सोडली. नव्या मशीनवर माणसं लागतीलच, तेव्हा घरचा माणूस आधी.

दादाने हातातला कप खाली ठेवला.

"त्याला थोडं थांबायला सांग."

"राजीनामा देऊन झाला. तू असताना कशाला थांबायचं?"

दादा उठून खिडकीपाशी गेला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. फोर्कलिफ्टचं लायसन्स दुसऱ्या कारखान्यांतही चालतं ना, असं तिने उगाचच विचारलं. चालतं की, पायलट म्हणाली, आणि तिच्या मनात आलं, हिला आमचं बरं झालेलं बघवत नाही.

घरी परतताना मात्र तिला दादाचं कोडं उलगडल्यासारखं वाटलं. मेव्हण्याला चिकटवलं असं लोक म्हणतील म्हणून कचरतोय बिचारा. मशीनं येऊ देत. कामाला लागलेला माणूस पाहिला की लोकांची तोंडं आपोआप बंद होतात. तिने नवऱ्याला तसं समजावलंही. तोही मग निवांत झाला. उलट तीच कूस बदलत राहिली.

रॅम्प आला. तिने तो स्वतः ट्रकच्या उंचीला जुळवून घेतला, चाकांखाली अडकणी लावल्या, साखळ्या ओढून पाहिल्या. थोड्याच वेळात गेटबाहेर हॉर्न वाजला. पॅकिंगच्या बायका हात पुसत बाहेर आल्या. तिचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आज मशीन उतरवताना हातभार लावला की साहेबांच्या नजरेत भरेल, हा तिचाच सल्ला.

मोठा बंद ट्रक मागे येत येत रॅम्पला टेकला. पायलट फोर्कलिफ्टवर चढली. हाताला घाम सुटला होता. तो तिने साडीवर घातलेल्या जाकिटाला पुसला. साहेब भिंतीशी उभे होते. तिने अंगठा वर करून दाखवला. त्यांनी पाहिलं नाही.

ट्रकच्या ड्रायव्हरने कडी काढून दोन्ही दारं उघडली.

आत काहीच नव्हतं.

"साहेब," ड्रायव्हरने विचारलं, "कारखान्यातली सगळी मशीनं आजच चढवायची ना?"