पट्टीखालचं अक्षर

पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर एक अक्षरही उचललं गेलं.

तिने श्वास रोखला. चिमट्याच्या टोकावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती, आणि तिच्या पोटाला चिकटलेलं उंच मानेचं एक हिब्रू अक्षर. गुहेतल्या रांजणात, अंधारात, दोन हजार वर्षं ते कातड्याला धरून राहिलं होतं. पट्टीने तेहतीस वर्षांत त्याचे पाय सुटे केले होते.

भिंतीवरचा फोन वाजला. संग्रहालयाचा खालचा पहारेकरी होता.

"मॅडम, डबा विसरलात म्हणे. तुमचे बाबा घेऊन आलेत. वर सोडलंय त्यांना. आता मोठ्या साहेबांना मी कसा अडवणार?"

खोलीला खिडकी नव्हती. दार एकच. जिना चढायला बाबांना गुडघे धरत चार मिनिटं लागत. आणि टेबलावर बाबांची गुंडाळी, ते कातड्यावरचं हस्तलिखित, त्र्याऐंशी तुकड्यांत सुटी पडली होती.

ती जोडली होती बाबांनीच. बाहेरच्या व्हरांड्यात त्यांचा फोटो लावला होता, तिच्या जन्माच्या आदल्या वर्षीचा. लांब टेबलावर ज्यूंच्या प्राचीन प्रार्थनांचे तुकडे पसरलेले, आणि तरुण बाबा हसतायत, मनगटात कड्यासारखं अडकवलेलं चिकटपट्टीचं रीळ. जगभरच्या अभ्यासकांनी ती गुंडाळी बाबांच्या जोडणीवरून वाचली. जोडणीत एकही तुकडा चुकला नव्हता. चुकली होती ती पट्टी. तिचा गोंद कातड्यात मुरला, कातडं काळवंडलं, अक्षरं सुटू लागली. त्या काळी सगळेच पट्ट्या लावत. कुणाला काय ठाऊक.

चार वर्षं ती त्या पट्ट्या काढत होती. एकेका पट्टीला कधी दिवस जाई, कधी आठवडा. आणि घरी रोज संध्याकाळी बाबा विचारत, "काय म्हणते माझी गुंडाळी?"

"मजेत आहे, बाबा." एवढं बोलून ती लेकीच्या मागे पळे. अशा वेळी लहान मूल फार उपयोगी पडतं.

पुढच्या शुक्रवारी बाबांचा सत्कार होता, याच गुंडाळीशेजारी. काचेमागे, मंद उजेडात, पट्ट्या आहेत की गेल्या हे त्यांच्या अधू डोळ्यांना कळणार नव्हतं. त्याआधी दुरुस्तीचा अहवाल द्यायचा होता. पट्ट्या कुणी लावल्या, या रकान्यात काय लिहायचं ते संचालकांनीच सुचवलं होतं. "अज्ञात व्यक्ती. झाकली मूठ राहू दे." तिने तसं लिहिलं होतं. खरं सांगावं तर म्हातारा जीव सत्काराआधीच खचणार. न सांगावं तर जन्मभर त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं.

जिन्यात खोकला ऐकू आला. तिने टेबलावर पांढरं कापड टाकलं.

बाबा दारात टेकून उभे राहिले. हातात डबा होता, त्याला दोन वेढे दोरा.

"कडी तुटलीय याची. दोरा तोडू नकोस. सुटती गाठ मारलीय."

घरात काही तुटलं-फाटलं की बाबांचा दोरा निघायचाच. परवा नातीचं चित्रांचं पुस्तक त्यांनी टाके घालून शिवलं, तर शाळेतल्या बाईंनी विचारलं, याचं ऑपरेशन कुणी केलं? आई होती तेव्हा म्हणायची, यांना दोऱ्याचं खूळ आहे.

बाबांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "झाकलंस का?"

"धूळ बसते, बाबा."

"धूळ कापडाचीच बसते. काढ ते."

तिने कापड काढलं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबा हात पाठीमागे बांधून वाकले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. तुकड्यांकडे, मग बशीत साठलेल्या पट्ट्यांकडे.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"किती राहिल्यात?"

"अकरा."

"अक्षरं येतात का पट्टीबरोबर?"

"कधी कधी. आत्ताच एक आलं."

त्यांनी चिमट्याकडे पाहिलं. "परत बसेल?"

"बसेल. बसवते मी."

त्यांनी मान हलवली. मग अहवालाचा कागद दिसला. डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो वाचला आणि खिशातून पेन काढलं.

"पेन नाही चालत इथे, बाबा." तिने आपली पेन्सिल पुढे केली.

'अज्ञात व्यक्ती' हे शब्द त्यांनी खोडले. खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाळकरी मुलासारखं, एकेक अक्षर सुटं.

"शुक्रवारी हे वाचून दाखव. सत्काराच्या आधी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. रोज विचारत होतो तुला. तू रोज आपली, मजेत आहे." ते दाराकडे वळले. "चल, जेवून घे आधी."

खोलीत डबा उघडायला मनाई होती. दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसली, बरोबर त्या फोटोखाली. बाबांनी मान वर करून पाहिलं नाही. तिने पाहिलं. मग दोऱ्याचं टोक ओढलं. गाठ अलगद सुटली, डब्यावर कसलीही खूण न ठेवता, आणि दोरा तसाच हातात धरून ती बसून राहिली. पतंग, पार्सलं, वह्यांची कव्हरं, नातीचं पुस्तक, एकेक आठवत गेलं. तिच्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यात बाबांच्या घरात चिकटपट्टी कधी आलीच नव्हती.